माझ्यापुरती जर्मन

३ फेब्रुवारी, सकाळी ११
घरी पोचलो. नऊ महिने समुद्र, दोन विमानं, एक टॅक्सी. दार बायकोने उघडलं. कडेवर ठकू. मी बोटीवर गेलो तेव्हा चार महिन्यांची होती, आता तेरा. वर दोन दात, खाली दोन. मी हात पुढे केले. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कस्टमवाले बॅगेकडे बघतात तसं, आणि भोकाड पसरलं.

बायको म्हणाली, दाढीमुळे असेल.

दाढी काढून आलो. पुन्हा भोकाड. बायको म्हणाली, आता दाढी काढल्यामुळे असेल, आत्ता कुठे सवय होत होती.

हरकत नाही. म्हणूनच ही वही. मी सेकंड इंजिनीअर आहे. जे रोज लिहून ठेवलं जातं ते सुधारतं, असा माझा अनुभव. पंप असो, कॉम्प्रेसर असो, पन्नास दिवसांत ताळ्यावर आला नाही असा नग मला अजून भेटलेला नाही.

सुट्टी : पन्नास दिवस.
काम : ठकूने मला बाप म्हणून स्वीकारणे.
मुदत : पंधरा दिवस. उरलेले पस्तीस दिवस नुसता आनंद.

४ फेब्रुवारी
तयारीशिवाय आलेलो नाही. बोटीवर असतानाच एक लेख नेटवरून उतरवून घेतला होता, अडतीस पानांचा. ऑफिसच्या प्रिंटरवर छापला, चीफ इंजिनीअर जेवायला गेला होता तेव्हा. विषय : तान्ही मुलं कोणाला जीव लावतात, कसा लावतात, आणि देशोदेशी ते कसं वेगवेगळं दिसतं. पिवळ्या मार्करने सगळा रंगवलाय.

त्यातली मुख्य परीक्षा सोपी आहे. खोलीत बाळ, आई, खेळणी. एक अनोळखी बाई येऊन बसते. आई बाहेर जाते, तीन मिनिटांनी परत येते. आई गेल्यावर बाळ किती रडलं याला फार महत्त्व नाही. ती परत आल्यावर ते काय करतं, यात सगळं आहे. बिलगलं, शांत झालं, पुन्हा खेळायला लागलं, की नातं पक्कं.

पण मजा पुढे आहे. जर्मनीतल्या एका शहरात जवळपास निम्मी बाळं आई परत आली तरी ढुंकून बघेनात. तिथल्या आयांना त्याचं काही वाटलं नाही, कारण मूल लवकर स्वतंत्र व्हावं अशीच तिकडे शिकवण. जपानमध्ये उलटं. आई उठली की आकांत, समजूतच निघेना, कारण त्या बाळांना कधी कुणी एकटं सोडलेलंच नव्हतं. आणि आफ्रिकेतल्या जंगलात राहणाऱ्या काही लोकांत तर बाळ दिवसभर या कडेवरून त्या कडेवर. म्हणजे रडण्याचा आणि न रडण्याचा अर्थ घराघराप्रमाणे बदलतो.

लगेच परीक्षा घेतली. ठकूला डब्यांजवळ बसवून मी जिन्यात गेलो. घड्याळ लावून तीन मिनिटं. आत आलो. तिने मान वर केली, मला पाहिलं, आणि पुन्हा डबा फरशीवर आपटायला लागली.

निष्कर्ष : ठकू जर्मन आहे. स्वतंत्र वृत्तीची.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ती तुला ओळखत नाही. बायको रक्तपेढीत टेक्निशियन आहे. एक थेंब बघून निकाल देते आणि दुसरं मत घेत नाही.

५ फेब्रुवारी
बायकोची ड्यूटी सात ते तीन. तेवढा वेळ ठकू कुठे असते ते आज पाहिलं.

आम्ही पहिल्या मजल्यावर. बरोबर खाली तळमजल्याला कपडे दुरुस्तीचं दुकान : चेन बदलणे, उंची कमी करणे, बटणं. मालकीण टेलरकाकू. पन्नाशीच्या, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळे त्या ओठ मिटूनच बोलतात. पहिल्या पाच मिनिटांत मला कळलेले शब्द : शून्य.

दुकान दिसताच ठकूने पायांनी बायकोच्या कमरेवर असा ढोल बडवला की काय सांगू. काकूंनी टाचण्या उशीत खोचल्या, हात पसरले, ठकूने उडी मारली. बायको गेली. ठकू रडली नाही. कात्रणांच्या ढिगाऱ्यात बसून एक निळी चिंधी चोखू लागली. तीन वाजून गेल्यावर बायको आली तेव्हा मात्र रांगत सुटली, बिलगली, शांत झाली. थेट पिवळ्या मार्करमधलं चित्र. मग बायकोच्या खांद्यावरून मागे वळून काकूंना हाक. शब्द नाही, नुसतं ‘का’.

म्हणजे दोघींशी पक्कं. सरसकट जर्मन नाही. माझ्यापुरती जर्मन.

७ फेब्रुवारी
दुकानाचं सेफ्टी इन्स्पेक्शन केलं. अकरा त्रुटी. टाचण्या, कात्री, इस्त्रीची वायर, खडू (ठकू खाते), आणि सगळ्यांत गंभीर : मुलीच्या कमरेला मऊ कापडी पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक कटिंग टेबलच्या पायाला. माझी मुलगी नांगरून ठेवलेली!

काकूंना यादी वाचून दाखवली. त्या शिवत राहिल्या. शेवटी काहीतरी म्हणाल्या. ठकू हसली. मला वाटतं माझ्याबद्दल होतं.

९ फेब्रुवारी, दुपार
निर्णय जाहीर केला. उद्यापासून ठकू दिवसभर माझ्याकडे. बाप घरात असताना मूल परक्याकडे का?

बायको म्हणाली, एकदम नको, रोज तासभर वाढव. मी म्हटलं, लेखात दिलंय, सतत सहवास हाच पाया. ती म्हणाली, लेखात तुझ्या मुलीचं नाव आहे का?

काकूंना सांगायला खाली गेलो. त्यांनी शिलाई थांबवली नाही. नुसतं ‘अं’ म्हणाल्या. संमती समजून वर आलो.

१० फेब्रुवारी
०६५० : बायको गेली. रडणं सुरू.
०८१० : रडणं चालू. अर्धी बाटली दूध भिंतीवर.
०८३० : केळं. तोंड बंद. आमच्या बोटीचे पाणबंद दरवाजे इतके घट्ट बसत नाहीत.
०९०० : मी मेन इंजिनचा आवाज काढून दाखवला. दोन सेकंद शांतता. मग दुप्पट.
११४५ : थकून झोपली. मी पण, फरशीवर.
१२०५ : उठली. रडणं.
१५२० : बायको आली. ठकूने तिला अशी मिठी मारली की सोडवून घेता येईना. बायकोने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. 

पहिला दिवस नेहमीच असा. नवीन इंजिनसुद्धा सुरुवातीला जास्त धूर काढतं.

११ फेब्रुवारी
दात येतायत. सगळं दातांमुळे आहे. आवाज बसलाय. आता रडते तेव्हा दारं करकरतात तसा आवाज येतो. उकडलेला बटाटा : तीन घास, त्यातले दोन माझ्या शर्टावर. तरी एक घास गेला. हे लिहून ठेवलं पाहिजे. एक गेला.

१२ फेब्रुवारी
आज रडणं कमी! नऊच्या सुमाराला आपण होऊन थांबली. हॉलच्या मधोमध पालथी झोपली, गाल फरशीला टेकून. डोळे उघडे. पाऊण तास तशीच. मी बायकोला मेसेज केला, बघ, रुळतेय.

मग उठली. मला वाटलं माझ्याकडे येतेय. खिडकीजवळ गेली आणि तिथे पुन्हा गाल टेकून पालथी. मग कपाटाजवळ. जागा बदलून बदलून.

फरशी गार असते. दात येताना मुलांना गार आवडतं.

दुपारी ती झोपल्यावर मीही कपाटाजवळ पालथा पडून बघितलं. खालून मशिनचा आवाज येतो. बारीक. कान पूर्ण टेकला तरच येतो.

फरशी गारही आहेच.

१३ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं नाही. उद्या जुना गालिचा अंथरावा का? म्हणजे फरशीचा गारवा लागणार नाही. नाही, तसं नको. गालिचा काढायला माळ्यावर चढलो होतो, तसाच उतरलो.

आज ठकूच्या अंगात कणकण. काही खाल्लं नाही. मी गाणी म्हटली. अकरा. मग माझाच आवाज बसला. मग दोघंही एकमेकांकडे बघत बसलो. तिने पहिल्यांदाच इतका वेळ माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लांबच्या प्रवासात समोरच्या सीटवरच्या माणसाकडे बघतात, तसं.

१४ फेब्रुवारी
बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वजन मागच्या महिन्यात नऊ किलो दोनशे. आज आठ आठशे. ताप शंभर. घसा ठीक, कान ठीक, दात येत नाहीयेत.

बाईंनी विचारलं, दिवसभर कोण सांभाळतं? म्हटलं, मी. किती दिवस? पाच. त्याआधी? सगळं सांगितलं, टेलरकाकू, सकाळी सात ते तीन, नऊ महिने.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू विचारलं, त्या वारल्या का?

म्हटलं, नाही. तळमजल्यावर आहेत.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, मग तिला तुम्ही ते कळवलं नाहीये.

लेख बरोबर नेला होता, प्रश्न विचारायला. पिशवीतून काढलाच नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळी ७
ठकूला घेऊन खाली गेलो. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवर मशीन ऐकू आलं आणि ती माझ्या कडेवर एकदम ताठ झाली.

काकूंनी पाहिलं. तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. मी मोजल्या. नऊ. मग हात पसरले. आणि ठकू गेली नाही! तोंड फिरवलं. माझ्या खांद्यात. हो, माझ्या. मला क्षणभर वाटलं, पाच दिवस फुकट नाही गेले. तेवढ्यात ती वळली, काकूंच्या गालावर फाडकन एक मारली, दुसरी मारली, आणि मग त्यांच्या गळ्यात पडून जी रडली ती दहा मिनिटं. नंतर दोन तास सोडलं नाही. काकू एका हाताने पँटची चेन उसवत होत्या.

टाचण्या नसल्याने आज पहिल्यांदा त्यांचं बोलणं नीट ऐकलं. म्हणाल्या, रागावलीय माझ्यावर. रागावू दे. मला म्हणाल्या, तुम्ही बसा, चहा सांगते.

माझ्यावर कुणीच रागावलं नाही. हे मला बरं वाटायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी
ताप उतरला. केळं एक, मऊ भात वाटीभर.

नवी योजना. चूक माझ्या तत्त्वात नव्हती, जागेत होती. मुलीला माझ्याकडे आणण्याऐवजी मी मुलीकडे जायचं. उद्यापासून दुकानात बसणार. निरीक्षक म्हणून. स्टूल घरून नेईन.

१८ फेब्रुवारी
निरीक्षण : सकाळभर. मी वहीत लिहिताना काकूंनी माझ्या मांडीवर एक कोट टाकला आणि हातात टाके उसवायची उसवणी दिली. म्हणाल्या, बसलाच आहात तर अस्तर काढा. लोकांना वाटतं, मी नवरा ठेवलाय नि तो काही करत नाही.

तीन अस्तरं काढली. दोन गिऱ्हाइकांनी मला ‘मास्तर’ म्हटलं. ठकूने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पण माझ्या पायावरून रांगत गेली. दोनदा. वळसा घालायला जागा होती, तरी पायावरून. याची नोंद.

२० फेब्रुवारी
आज माझं क्षेत्र. काकूंचं मशीन खडखडतं. दहा वर्षांपासून, म्हणाल्या. मी उघडलं, साफ केलं, झिजलेला वॉशर बदलला, तेल. अडीच तास. चालू केलं तर मांजर बसल्यासारखं, आवाज नाही. काकू खूश. मी गिऱ्हाइकांसमोर दोनदा चालवून दाखवलं.

१२३० : ठकूची झोपेची वेळ. झोपेना.
१३०० : झोपेना. किरकिर.
१३४० : काकूंच्या लक्षात आलं. ठकू त्या खडखडीवर झोपते. नऊ महिने रोज.
१४१५ : जुना वॉशर कचऱ्यातून शोधून परत बसवला.
१४२० : ठकू झोपली.

नोकरीत बिघाड पुष्कळ काढलेत. बिघाड बसवून दिला तो आजच.

२२ फेब्रुवारी
रविवार. आईला फोन केला. विचारलं, मी लहान असताना बाबा पुलांच्या कामावर फिरतीला असायचे, ते घरी आले की मी काय करायचो?

आई हसायला लागली. म्हणाली, अरे, तू जेवताना त्यांच्यासमोरच मला विचारायचास, हे पाहुणे कधी जाणार? बिचारे घास हातात घेऊन थांबायचे.

मीही हसलो. मग विचारलं, नंतर कधी रुळलो मी? महिन्याने? दोन?

आई पुटपुटत वर्षं मोजू लागली. आठवत होती. मग म्हणाली, ते रिटायर झाले ना, त्यानंतर तुमचं बरं चाललं होतं.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी बाबा गेले.

हा मुद्दा वेगळा आहे. तेव्हा लोकांना या विषयाची माहिती नव्हती, लेख नव्हते.

२५ फेब्रुवारी
प्रगती! ठकू माझा गुडघा धरून उभी राहते. दिवसात सहा वेळा. काकू म्हणाल्या, त्या स्टुलालाही धरून राहते. पण स्टूल माझंच आहे, घरून आणलेलं.

२७ फेब्रुवारी, सकाळी १०२५
चालली! ठकू चालली! माझा गुडघा धरून उभी होती, हात सोडला, आणि एक, दोन, तीन, चार. पाचव्याला काकूंच्या मांडीवर कोसळली. काकू ओरडल्या, समोरची फुलवाली धावत आली, मी बायकोला फोन लावला. ती रक्तपेढीत रडायला लागली. दान करायला आलेल्या माणसाला वाटलं, त्याच्या रिपोर्टमध्ये काहीतरी आहे.

बायकोने विचारलं, कुणाकडे चालत गेली?

म्हटलं, सुरुवात माझ्यापासून झाली.

३ मार्च
आजचा प्रयोग लिहायला लाज वाटतेय, पण रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. घरी बायको आंघोळीला गेल्यावर गळ्यात टेप घातला. हाताला खडूची पावडर चोळली. काकूंचा वास खडूचा आणि मशिनच्या तेलाचा आहे, तेलाचा माझ्याकडे मुळातच आहे. ओठ मिटून, ‘अं’ म्हणत, हात पसरले.

ठकू आली. माझ्याकडे! चार पावलं, सरळ, न अडखळता. माझ्या गळ्यातला टेप ओढून काढला, नीट हातात घेतला, आणि दाराकडे जाऊन दार बडवायला लागली. ज्याची वस्तू त्याला परत द्यायला.

मुलगी प्रामाणिक आहे. हे माझ्याकडून आलं असणार.

बायको बाथरूमच्या दारात उभी होती, केसांना टॉवेल. हसेल असं वाटलं. हसली नाही. माझ्या हाताची पावडर टॉवेलने पुसली. दोन्ही हात, बोटांमधूनसुद्धा.

७ मार्च
कंपनीचा फोन. बोटीवरचा सेकंड आजारी पडलाय, दहा दिवस आधी येता का? चौदा तारखेला निघायचं. म्हटलं, उद्या सांगतो.

मी नाही म्हणणार आहे. एवढंच नाही. बोट सोडून द्यायची. बंदराच्या वर्कशॉपमध्ये माझ्या ओळखीचा सुपरिंटेंडंट आहे, त्याने मागेच विचारलं होतं. सकाळी आठ ते पाच, रोज घरी. मेल लिहितो आत्ताच.

८ मार्च
मेल लिहिला. पहिला फार लांब झाला. दुसरा लाचार वाटला. तिसऱ्यात बोटीवरचा अनुभव सांगताना मलाच बोटीची आठवण आली. चौथा बरा आहे. ड्राफ्टमध्ये.

बायकोला सांगितलं. ती भांडी विसळत होती. नळ बंद केला. म्हणाली, खरंच राहणार असशील तर राहा. लग्नाच्या वर्षी म्हणालास, ती पोटात असताना म्हणालास, आता म्हणतोयस. मला फक्त इतकंच सांग, पाठवलास का?

म्हटलं, एकदा वाचून पाठवतो.

तिने नळ चालू केला.

९ मार्च
कंपनीला हो म्हटलं.

नीट विचार केला तर तेच बरोबर आहे. ठकू आत्ता कुठे माझ्या जवळ यायला लागलीय. आणखी दहा दिवस राहिलो असतो तर जीव लागला असता आणि मग जाताना तिला त्रास झाला असता. आत्ता गेलो तर तिला काही वाटणार नाही. तिच्याच भल्यासाठी.

वाक्य पुन्हा वाचलं. खोडत नाही. शाईने लिहिलंय.

११ मार्च
जाण्यापूर्वी परीक्षा एकदा तरी रीतसर व्हावी म्हणून बायकोला राजी केलं. लेखातला तक्ता वहीत आखला. तीन रकाने : बाळ. सांभाळणारी व्यक्ती. अनोळखी व्यक्ती.

१७०० : खोलीत ठकू, बायको, मी.
१७०३ : बायको जिन्यात गेली.
१७०४ : ठकू दाराशी. रडणं.
लेखात दिलंय, या वेळी अनोळखी व्यक्तीने बाळाला शांत करण्याचा प्रयत्न करावा. मी केला. उचललं, थोपटलं, खिडकी दाखवली. थोडी शांत झाली. पूर्ण नाही. लेखात असंच दिलंय, अनोळखी व्यक्तीकडून थोडीच शांत होतात.
१७०६ : बायको आली. बिलगली. शांत.

परीक्षा एकदम बिनचूक झाली. रकाने भरताना लक्षात आलं. ठकूचं नाव पहिल्यात, बायकोचं दुसऱ्यात. माझं नाव लिहायला एकच रकाना उरला होता.

मोकळा ठेवलाय.

१४ मार्च, दुपारी १
दोन वाजता टॅक्सी. ठकू दुकानात झोपलेली, कात्रणांत, कमरेला पट्टा. गाठ माझ्याच हातची. आता मीच बांधतो, नाहीतर इस्त्रीकडे जाते. काकूंनी मशीन न थांबवता विचारलं, उठवू का? म्हटलं, नको, रडेल.

दोघांनाही माहीत होतं की रडणार नाही. काकूंनी मान डोलावली.

तिच्या मुठीत बोट घातलं. तिने धरलं. चांगलं घट्ट. झोपेत होती हे मान्य. लेखात झोपेतल्याचं काही दिलेलं नाही. शोधलं मी, तिथेच उभ्या उभ्या. सगळी पानं चाळली, एका हाताने.

बायकोने रजा काढली होती. टॅक्सीपर्यंत आली. म्हणाली, काकू तुझ्यासमोर बोलल्या नाहीत, पण मला म्हणाल्या, माणूस चिकाटीचा आहे, अस्तरं छान काढतो.

२० मार्च, ०९४०
बोटीवर तिसरा दिवस. किनारा सुटला की इथे नेट तुकड्यातुकड्यांनी येतं. आत्ता बायकोचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवतो :

‘ऐक, काल ठकू दाराशी उभी राहून खूप रडली. दार बडवत होती. तासभर. माझ्याकडेसुद्धा येईना. तुला सांगावंसं वाटलं कारण’

इथे तुटलाय. पण पुढचं लागतंच कशाला!

तासभर! दाराशी! आईकडेसुद्धा जाईना!

मी गेल्यावर पाच दिवसांनी. उशिरा का होईना. चार वेळा वाचलं. जर्मनी संपली. जपान! शंभर टक्के जपान!

१०३० : चीफला दाखवलं. त्याला चार मुलं. त्याने माझी पाठ थोपटली, म्हणाला, माझ्यासाठी अजून एकही रडलेलं नाही. स्वयंपाक्याला सांगितलं. ऑइलरला सांगितलं, त्याला माझी भाषा येत नाही, तरी हात मिळवला त्याने.

११०० : एक मूल तासभर रडलं म्हणून मी कंट्रोलरूममध्ये शीळ घालतोय, हे बरं नाही. पण थांबत नाहीये. किती रडली असेल! घसा बसला असेल. कुणीतरी पाणी दिलं असेल ना?

११२० : वर्कशॉपचा मेल काढला. वाचला. चौथा ड्राफ्ट खरंच चांगला आहे. मुलगी इतकी रडत असताना बाप समुद्रावर कसा राहील? नेट आलं की पाठवतो. या खेपेला नक्की.

२० मार्च, १५१०
उरलेला मेसेज आला.

‘कारण तुला कळेल असं वाटलं. काकूंना परवा दाढेचा ठणका लागला, जबडा सुजून ताप चढला, दाढ आज-उद्या काढतील म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलंय. दुकान बंद. ठकूला काय सांगू कळत नाहीये. सारखी फरशीवर पालथी पडून कान लावते. तू बघितलं होतंस का असं कधी?’

हो. बघितलं होतं.

चीफ येऊन विचारून गेला, पुढे काय लिहिलंय बायकोने? म्हटलं, नेट नाही.

चारला वॉच, इंजिनरूमची पाळी. तोवर उत्तर लिहिलं. आधी मशिनचं : किल्ली काकूंच्या दुकानासमोरच्या फुलवालीकडे असते, दुकान उघडून मशीन नुसतं चालव, कापड नको, पॅडल मार, ठकूला वर हॉलमध्ये कपाटाजवळ बसव, तिथे जास्त ऐकू येतं. मग ते खोडलं. मशीन चालेल आणि काकू नसतील, तर पोरीने खाली जाऊन कुणाला शोधायचं? त्यापेक्षा तिला दवाखान्यात ने. खिडकीतून का होईना, काकू दिसू देत. आहेत हे तिला कळू दे.

शेवटी एवढंच पाठवलं : ‘तिला काकूंकडे घेऊन जा, आजच. काकू कशा आहेत?’

एकच टिक आलीय. वॉचला जातो. वर येऊन बघेन.